ख्मेर लोककथांतील स्थलनामे : व्युत्पत्ती आणि निसर्गबोध

ख्मेर स्थलनामे पुष्कळदा द्विपदी असतात. पहिले पद निसर्गरूप सांगते : ‘फ्नोम’ म्हणजे डोंगर, ‘बेंग’ म्हणजे तळे, ‘कोह’ म्हणजे बेट, ‘कोंपोंग’ म्हणजे नदीकाठचा धक्का. दुसरे पद त्या स्थळाचे वेगळेपण दर्शविते आणि लोककथा बहुधा या दुसऱ्या पदाभोवती रचली जाते. तिने दिलेली व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस सहसा उतरत नाही. मग अशा कथा अभ्यासकाने त्याज्य मानाव्यात काय?

कंबोडियातील बात्तंबांगनजीकच्या फ्नोम संपोवची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्या पाठांत भेद आहेत. गाभा मात्र असा : भर समुद्रात मगर गलबतावर चालून येते. तिला थोपविण्यासाठी कोंबड्यांचे व बदकांचे खुराडे पाण्यात टाकतात. अखेर रुम्साय सोक या नायिकेच्या मोकळ्या केसांच्या प्रभावाने समुद्र आटतो. आसपासच्या डोंगरांना आजही गलबत, मगर, कोंबड्यांचे खुराडे, बदकांचे खुराडे अशीच नावे आहेत. सपाट मैदानातून एकाएकी उठलेल्या या टेकड्यांना आकारावरून नावे पडली असावीत आणि त्या विखुरलेल्या नावांना कथेने मागाहून एका प्रसंगात गोवले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

येथे प्राचीन समुद्राची स्मृती शोधण्याचा मोह होतो. टेकड्यांचा चुनखडक सागरी आहे हे खरे. परंतु तो सागर मानवजातीच्या कितीतरी कोटी वर्षे आधीचा. कथेतील समुद्राचे मूळ अधिक जवळ आहे. दर पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे वाहून तोन्ले साप सरोवरात शिरते आणि सुमारे 2,500 चौरस किलोमीटरांचे ते सरोवर 10,000 चौरस किलोमीटरांहूनही अधिक पसरते. पुढे पाणी ओसरते व जमीन उघडी पडते. दरसाल हे पाहणाऱ्या समाजाला आटणारा समुद्र हा निव्वळ चमत्कार वाटत नाही. तो नित्याच्या अनुभवाचाच विस्तार ठरतो.

अर्थात प्रत्येक कथेत असा निसर्गबोध गृहीत धरता येत नाही. ‘बात्तंबांग’ या नावाचा अर्थ ‘हरवलेली काठी’ असा लावणारी कथा राजसत्तेच्या उलथापालथीत रमते. तिच्यात भूमीचे रूप जवळजवळ नाही. म्हणून कथागणिक निवाडा करणे प्राप्त आहे. लोकव्युत्पत्ती शब्दाच्या उगमाविषयी अविश्वसनीय असते. त्या भूमीकडे लोक कसे पाहत आले, याविषयी मात्र तिची साक्ष ग्राह्य धरावी लागते.