‘सैराट’चा वाद्यवृंद : एवढा मोठा आवाज कुणासाठी?

आपल्या वसमतमध्ये ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीतलं किंवा जत्रेतलं स्टेज डोळ्यांपुढे येतं. की-बोर्ड, ऑक्टोपॅड, चमकीचा कोट घातलेला निवेदक आणि जुनी हिंदी गाणी हुबेहूब म्हणणारे दोन-चार गायक. आज ज्या ऑर्केस्ट्राबद्दल आम्ही बोलणार आहोत तो वेगळा. व्हायोलिनचा मोठा ताफा, चेलो, बासऱ्या, पितळी वाद्यं, आणि समोर स्वरलिपीचे कागद. हा वाद्यवृंद आपल्या लग्नाच्या मांडवापर्यंत ज्या गाण्यांनी आणला, ती ‘सैराट’ची गाणी.

थोडी माहिती आधी देतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. गाणी फक्त चार. संगीत अजय-अतुल गोगावले या भावांचं, शब्द त्यांचे आणि मंजुळ्यांचे, आणि बराचसा आवाज अजय यांचाच. म्हणजे लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा बऱ्याच अंशी एकच. चित्रपटाचा अल्बम असला तरी त्याचा स्वभाव एखाद्या गीतकार-गायकाच्या स्वतंत्र अल्बमसारखा आहे, तो यामुळे. त्यातल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. हॉलिवूडच्या चित्रपटांचं संगीत जिथं मुद्रित होतं, ती ही जागा.

तेव्हा लोकांनी विचारलं, आणि रास्त विचारलं, की करमाळ्याच्या उसाला हॉलिवूडचं व्हायोलिन कशाला? हा पैशाचा तोरा नाही का?

आमचं म्हणणं असं की तोरा नाही. तो या अल्बमचा मुद्दाच आहे. कसा, ते बघू.

‘याड लागलं’ घ्या. गायक तोंड उघडायच्या आधी वाद्यवृंद बोलायला लागतो. लाट उठावी तसा तो चढतो, आणि त्या लाटेवर अजय यांचा आवाज येतो. हा आवाज तासून गुळगुळीत केलेला नाही, उघड्या रानात हाक मारावी तसा आहे. शब्द ‘वेड’ नाही, ‘याड’ आहे. पडद्यावर मासे धरणाऱ्याचा पोरगा पाटलाच्या मुलीसाठी धावत सुटतो आणि विहिरीत उडी टाकतो. एरवी आपल्या सिनेमात या पोराच्या वाट्याला काय आलं असतं? ढोलकी, एखादं विनोदी गाणं, फार तर कारुण्याची बासरी. भव्य वाद्यवृंद वाजायचा तो राजपुत्रासाठी, नाहीतर स्वित्झर्लंडच्या बर्फात पळणाऱ्या श्रीमंत नायकासाठी. अजय-अतुलनी तो परश्याला दिला. भावना त्याचीही तेवढीच मोठी आहे, तर आवाज लहान का असावा? हे भाषणात सांगितलं असतं तर आपण माना डोलावल्या असत्या आणि विसरून गेलो असतो. गाण्यात ते अंगावर येतं.

‘सैराट झालं जी’मध्ये दुसरी गंमत आहे. यातला ‘जी’ आपल्या ओळखीचा. पोवाड्यात, तमाशात झीलकरी ओढतात तो. त्या ‘जी’च्या मागं आता व्हायोलिन उभी आहेत. देशी आणि विदेशी यांची खिचडी होण्याचा धोका इथं होता. ती होत नाही, कारण चाल गावची राहते आणि वाद्यवृंद तिच्या मागून चालतो, तिला ओढत नेत नाही.

याची परीक्षा घ्यायची तर २०१८ चा हिंदी ‘धडक’ ऐका. संगीतकार तेच, ‘याड लागलं’चीच चाल ‘पहली बार’ म्हणून आलेली, गायकही अजयच. तरी काहीतरी निसटलंय. हिंदी शब्द इस्त्री केलेले आहेत. मागं भव्य वाद्यवृंद आणि पुढं खडबडीत बोली, यांच्यात जो ताण होता तोच गेला. मग उरतं एक चांगलं प्रेमगीत. ‘सैराट’ची ताकद नुसत्या वाद्यवृंदात नव्हती, हे यावरून कळतं.

दोषही सांगितला पाहिजे. या भावांना शिखराचा मोह आहे. प्रत्येक गाणं चढत जातं, आणि चढतच राहतं. एका बैठकीत सलग ऐकलं तर कान थकतो. एखादं गाणं नुसत्या आवाजावर आणि दोन वाद्यांवर सोडलं असतं तर बाकीच्यांची उंची जास्त कळली असती.

पण शांतता त्यांनी, म्हणजे चित्रपटानं, दुसरीकडे ठेवली आहे. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. दोघं पळून हैदराबादला जातात, आणि गाणी थांबतात. हैदराबाद आपल्याला परकं नाही. १९५६ पर्यंत वसमत हैदराबाद राज्यातच होतं, आणि आजही इथली माणसं पोटासाठी तिकडची गाडी धरतात. तिथल्या वस्तीत, इडली-डोशाच्या गाडीवर, भांडणात, संशयात परश्या-अर्चीला कुणी वाद्यवृंद देत नाही. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतलाय. पूर्वार्धात संगीतानं एवढं मोठं वचन दिलं नसतं, तर ती शांतता एवढी बोचली नसती.

आता शेवटचं, ‘झिंगाट’. इथं सत्ता ठेक्याची. गेली कित्येक वर्षं आपल्याकडची वरात त्याशिवाय निघत नाही. नवरदेवाचे मामा नाचतात, करवल्या नाचतात. नाचावंच, गाणं त्यासाठीच आहे. पण ज्या कथेतलं हे गाणं, त्या कथेत जातीबाहेर प्रेम केलं म्हणून घरच्याच माणसांनी दोन जीव मारले. आपण त्यावर नाचतो त्या किती मांडवांत मुलीला विचारून लग्न ठरलेलं असतं? जात सोडून किती ठरतात?

अजय-अतुलनी परश्याला आवाज मोठा दिला. तो आपण डीजेवर आणखी मोठा केला. घरी जाऊन ‘याड लागलं’ एकदा हेडफोन लावून, शांतपणे ऐका. मोठ्या आवाजाचं हे गाणं सांगतंय काय, ते तेव्हा ऐकू येईल.