सगळ्यांना चालणारा विनोद

मोबाइलवर सध्या माकडं व्लॉग करतात, भाज्या आपसांत भांडतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘आता विनोदी लेखकांचं काही खरं नाही.’ या वाक्याचा आलेला राग हेच या लेखाचं कारण.

रीलवाल्यांचा निकाल चटकन लावता येतो. माकड बोललं की हसू येतं, हे पंचतंत्रापासून ठाऊक आहे. अमेरिकन विनोदवीर जॉर्ज कार्लिन याला 2024च्या जानेवारीत ‘यंत्रानं’ मरणोत्तर तासभर बोलायला लावलं. वारसांनी दावा ठोकताच निर्मात्यांच्या बाजूनं खुलासा आला की संहिता माणसानंच लिहिली होती. त्याआधी 2023मध्ये दोन जर्मन संशोधकांनी चॅटजीपीटीकडून 1008 विनोद वदवून घेतले, तर नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा त्याच त्या 25 विनोदांची उजळणी. लग्नाच्या पंगतीत असा एक काका असतोच, पण तो निदान आपला असतो. उलट, 2024च्या एका अभ्यासात सामान्य माणसांच्या विनोदांपेक्षा यंत्राचे विनोद वाचकांना सरस वाटले. वाटणारच. विनोद इंग्रजी, परीक्षक इंग्रजी वाचणारे. घरच्या मैदानावरचं हे शतक.

मला मनापासून आवडलेलं काम वेगळंच आहे. पिओत्र मिरोव्स्की हा संशोधक स्वतः उत्स्फूर्त नाट्याचा नट आहे. त्याच्या ‘इम्प्रोबॉटिक्स’ या मंडळीत एका नटाच्या कानात इअरपीस असतो. यंत्र पुरवेल तेच वाक्य त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ते सावरायचं. समजा, प्रवेशात बायको गेल्याचं दुःख चाललंय आणि कानात आवाज येतो, ‘फ्रीज बंद कर.’ नट ते जड आवाजात म्हणतो. समोरचा दचकतो, ‘तिला तिथं ठेवलंय हे तुला कुणी सांगितलं?’ प्रेक्षागृह कोसळतं. ‘रोझेटा कोड’ या त्यांच्या प्रयोगात तर एकाच प्रवेशात नट निरनिराळ्या भाषा बोलतात आणि यंत्र जागच्या जागी भाषांतर करतं, अर्थात चुकतही. ते जिथं चुकतं तिथंच रंग भरतो. मात्र हशा मिळवतो तो सावरणारा नट. आपल्याकडे हे कसब सोंगाड्याचं. ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वसंत सबनीसांची, पण दादा कोंडके ती त्या दिवसाच्या बातमीनं आणि समोरच्या प्रेक्षकांवरून भरत जायचे.

विनोदाला सीमा ओलांडायची असेल तर पलीकडं असा कुणीतरी उभा लागतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली लंडनची फूलवाली पुलंनी ‘ती फुलराणी’त आणली आणि भक्ती बर्वेंनी ती जिवंत केली. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आपल्यातही मुरलेली आहे, आणि ती दाखवल्यावर मराठी प्रेक्षकाला नेमकं कुठं बोचेल हे पुलंना ठाऊक होतं. चॅप्लिन सगळीकडं चालतो, असा आक्षेप येईल. चालतो, कारण भूक आणि पोलिसाची भीती कुठल्याही मुलखात सापडते, आणि या दोन्हींपैकी भूक त्यानं लहानपणी भोगलेली होती.

याच मिरोव्स्कीनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2023मध्ये, एडिनबरा फ्रिंजच्या दिवसांत आणि ऑनलाइनही, 20 व्यावसायिक विनोदकारांना यंत्रासोबत लिहायला बसवलं. एकाला तो माल 1950च्या दशकातल्या क्रूझवरच्या करमणुकीसारखा वाटला, फक्त वर्णद्वेष थोडा कमी. त्याहून गंभीर तक्रार पुढची: आशियाई स्त्रीच्या तोंडचं विनोदी स्वगत मागितलं तर नकार, गोऱ्या पुरुषाचं मागितलं तर हजर! म्हणजे जिला स्वतःवर आणि जगावर हसायचा पहिला हक्क, तिचंच तोंड बंद, आणि तेही तिच्याच आदरापोटी.

तमाशाच्या गवळणीतली मावशी मथुरेच्या बाजाराच्या वाटेवर कृष्णाला जे सुनावते, तसं काही मी यंत्राकडे मागून पाहिलं. श्रद्धेविषयी उपदेश मिळाला आणि वर लोण्याचा एक निरुपद्रवी विनोद. मावशी भाविकांसमोरच बोलते आणि भाविकच पोट धरून हसतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कुणाची थट्टा कुणी करायची हे कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीच्या वकिलांनी ठरवायचं आणि त्याला सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणायचं? ज्याला कुणाचीच हरकत नाही असा विनोद कुठंही नेता येतो, मान्य. पण तो नेऊन करायचं काय?

उद्या मराठी मजकूर वाढेल, यंत्र सुधारेल, असं भक्तमंडळी सांगतात. सुधारू दे की. वऱ्हाडी, मालवणी, सगळं अस्खलित बोलू दे. मुद्दा भाषेचा नाही, अंगावर घेण्याचा आहे. ‘झेंडूची फुले’ 1925 साली आली, तेव्हा त्यात टर उडवलेले रविकिरण मंडळाचे कवी हयात होते, वाचत होते आणि अत्र्यांना त्यांच्यातच वावरायचं होतं. फडमालकाचं तर पोटच त्यावर: गावोगावचे पुढारी नारायणगावच्या राहुट्यांत येऊन जत्रेची सुपारी देतात, आणि गेल्या खेपेला वग पडला असेल तर शेजारच्या राहुटीत जातात. यंत्राचा विनोद सगळ्या संस्कृतींत चालेल अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी त्याच्याकडून एक वग लिहून घ्यावा, पाडव्याच्या सुमारास तिथं राहुटी टाकावी आणि विसार किती मिळाला तेवढं कळवावं.