‘शीतपेये वर्ज्य’ : बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतरच्या एका आहारसूचनेची चिकित्सा

प्रास्ताविक

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती जे आहारपत्रक दिले जाते, त्यात ‘शीतपेये वर्ज्य’ किंवा ‘सोडा घेऊ नये’ ही सूचना बहुधा असतेच. तिचे कारण विचारल्यास ‘वायूमुळे जठर पुन्हा ताणले जाते आणि शस्त्रक्रिया वाया जाते’ असे उत्तर सर्रास मिळते. आहारपत्रक हे वाङ्मय नव्हे, हे खरे; परंतु ज्या मजकुरावर वाचकाचे पुढील आयुष्य अवलंबून असते, त्याची चिकित्सा एखाद्या ग्रंथाच्या चिकित्सेइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात या सूचनेचा तीन अंगांनी विचार केला आहे : तिला दिले जाणारे कारण, तिच्यामागील खरी कारणे आणि तिची भाषा.

वायूचा हिशेब

एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी 1966 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटरची लहान पिशवी राखून ती लहान आतड्याला जोडतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकला जातो आणि उरलेल्या नळीत साधारणतः 100 ते 150 मिलिलिटर द्रव मावतो. दुसरीकडे, फसफसणाऱ्या पेयात त्याच्या आकारमानाच्या तीन ते चार पट कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळविलेला असतो. म्हणजे 200 मिलिलिटरच्या बाटलीत 600 ते 800 मिलिलिटर वायू! हे आकडे शेजारी ठेवले की जठर ताणले जाण्याचा युक्तिवाद निर्णायक वाटू लागतो.

तथापि जठर म्हणजे तोंडाशी गोटी अडकलेली सोड्याची बाटली नव्हे. वायूचा काही भाग पेल्यातच उडून जातो, काही ढेकरेवाटे बाहेर पडतो, काही आतड्याकडे सरकतो आणि काही रक्तात शोषला जातो. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी पिशवी किंवा नळी रुंदावल्याचे अनेक रुग्णांत आढळते. परंतु त्याचे कारण सोडाच आहे असे सिद्ध करणारा सबळ पुरावा उपलब्ध नाही. पहिल्या काही आठवड्यांतील गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या काळात टाके ताजे असतात, सूज असते, पाणीदेखील घोट-घोट घ्यावे लागते. अशा वेळी वायूमुळे कळा येणे, पोट फुगणे व मळमळणे हे त्रास सहज संभवतात. थोडक्यात, तात्पुरत्या काळासाठी योग्य असलेले कारण आपण आजन्म निषेधाला जोडले आहे.

खरी कारणे

याचा अर्थ ही पेये निर्धोक आहेत असा नाही. त्यांच्याविरुद्धची भक्कम कारणे वेगळीच आहेत. पहिले कारण साखर. सामान्य कोलाच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ते 11 ग्रॅम साखर असते. घन अन्न लहान पिशवीत अडते व तृप्ती देते. गोड द्रव मात्र विनासायास खाली उतरतो. शस्त्रक्रियेने घातलेली मर्यादा तो सहज चुकवतो. शिवाय, विशेषतः बायपासनंतर, साखरेचे द्रावण एकदम आतड्यात गेल्यास ‘डम्पिंग’ची लक्षणे उद्भवतात : अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम व पोटात मुरडा, काहींना एक ते तीन तासांनी रक्तशर्करा घसरून गरगरणे.

दुसरे कारण आम्लाचा उलट प्रवाह. स्लीव्हनंतर छातीत जळजळण्याची तक्रार वारंवार आढळते आणि फसफसणारी पेये तीत भर घालू शकतात. तिसरे कारण हाडांचे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नियमित कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. हा केवळ परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. पण बायपासनंतर कॅल्शियमचे शोषण मुळातच घटलेले असल्याने सावधगिरी सयुक्तिक ठरते.

भाषेची संदिग्धता

सूचनेचा सर्वांत दुबळा भाग तिची भाषा होय. ‘शीतपेय’ या शब्दात थंडपणा आहे. वायूही नाही आणि साखरही नाही. बोलीतील ‘कोल्ड्रिंक’ या शब्दात कोला, लिंबू-सोडा आणि डब्यातील आंब्याचे पेय असे सारेच येते. आता ‘सोडा घेऊ नये’ असे वाचणारा रुग्ण उसाचा रस किंवा आंब्याचे पेय निर्धास्तपणे घेतो, कारण त्यात वायू नाही. साखरेच्या दृष्टीने मात्र उसाचा रस कोलापेक्षा सौम्य नव्हे. उलटपक्षी, साखरविरहित साधा सोडा आणि गोड कोला एकाच निषेधात बसविले जातात. वायूला साखरेहून मोठा अपराधी मानण्याची ही रीत आहारपत्रकापुरती मर्यादित नाही. वस्तू व सेवा कराच्या 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या दरांतही फळांच्या गरापासून केलेल्या वायुविरहित पेयांवर 5 टक्के, तर साखर घातलेल्या वायुमिश्रित पेयांवर 40 टक्के कर आहे.

याहून गंभीर विसंगती औषधाच्या डब्यात आढळते. पोट जड वाटले की फ्रूट सॉल्टची पूड पाण्यात टाकून घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्याचा आम्लाशी पूर्ण संयोग झाल्यास सुमारे 300 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. ज्याने ‘कोल्ड्रिंक’ निष्ठेने सोडले, तोच रुग्ण पहिल्याच आठवड्यात ‘गॅस’वर उपाय म्हणून हा वायू पोटात घेतो. पत्रकाने त्याला शब्द दिला, तत्त्व दिले नाही.

समारोप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सरसकट निषेध पाळावयास सोपा असतो; कारणांचा काथ्याकूट कशाला? हा आक्षेप क्षुल्लक नाही. लग्नघरी पुढे आलेला पेला नाकारताना रुग्णाला एक ठाम वाक्यच उपयोगी पडते. परंतु चुकीच्या कारणावर उभा असलेला निषेध पहिल्या अनुभवातच कोसळतो. एखाद्या दिवशी रुग्ण अर्धा पेला सोडा पितो, काहीच होत नाही, आणि ‘डॉक्टर उगाच घाबरवतात’ असा त्याचा समज होतो. त्याच पत्रकात पुढे ब-12 जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम आयुष्यभर घेण्याची सूचना असते. त्यांच्या अभावाची लक्षणे महिनोन्‌महिने दिसत नाहीत. तेथे रुग्णाजवळ पत्रकावरील विश्वासाखेरीज दुसरा आधार नसतो. सोड्यापायी हा विश्वास गमावणे परवडणारे नाही.

म्हणून एका ओळीऐवजी तीन ओळी लिहाव्यात, असे सुचवावेसे वाटते : ‘पहिले काही आठवडे, डॉक्टर सांगेपर्यंत, फसफसणारे काहीही घेऊ नये, फ्रूट सॉल्टसुद्धा नाही. गोड पेये, वायू असो वा नसो, कायमची टाळावीत. त्यांनी वजन पुन्हा वाढते. साध्या सोड्याने जळजळ किंवा फुगारा होत असेल तर तोही सोडावा.’ या तीन ओळींत भीती कमी आणि माहिती अधिक आहे. रुग्ण हा आज्ञाधारक विद्यार्थी नसून विचार करणारा वाचक आहे, एवढे गृहीत धरले तरी आपल्या आहारपत्रकांची भाषा पुष्कळ सुधारेल.