अंगठ्याएवढी माणसे

तांब्याच्या पत्र्यावर मिन्याने काढलेली जुनी फ्रेंच व्यक्तिचित्रे जमविणे हा युरोपातील मोठ्या प्रतिष्ठेचा छंद आहे. आपल्याला तो दूरचा वाटेल. परंतु कर्जत-खालापूरकडील जुन्या घरातला देव्हारा ज्याने पाहिला आहे, त्याला अंगठ्याएवढ्या धातूवरील चेहऱ्याचे मोल निराळे सांगायला नको. खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी कुळातल्या एखाद्या वीराचाही टाक पुजला जातो.

प्रथम त्या कारागिरीकडे पाहू. लिमोज येथे 16व्या शतकात लेओनार लिमोझँ याने दरबारी माणसे तांब्यावर उतरविली. पुढे 1630च्या सुमारास झाँ तुतँ याने पांढऱ्या मिन्याच्या थरावर रंगवून भाजण्याची रीत बसविली. पत्र्याला पाठीमागूनही मिना चढवावा लागतो, नाहीतर पत्रा वाकतो आणि चित्र तडकते. रंग लावताना दिसतो एक, भट्टीतून निघतो दुसरा. म्हणून चित्रकाराला हाताइतकीच विस्तवाचीही पारख लागते. जिनिव्हाच्या झाँ पेतितोने, बहुधा सोन्याच्या पत्र्यावर, ही कला चौदाव्या लुईच्या दरबारात शिखरास नेली. 1685 मध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य हिरावले गेले, आणि ज्या राजाचे मुख त्याने वारंवार रंगविले त्याच्याच तुरुंगात त्याला म्हातारपणी जावे लागले. चित्रातला राजा मात्र आजही टवटवीत आहे.

मिना झिजत नाही, हा त्याचा मोठा गुण खरा. पण संग्राहकाची नजर तेवढ्यावरच खिळते, हा माझा आक्षेप आहे. तो पाठ तपासतो, भिंगाखाली छापील ठिपके नाहीत ना हे पाहतो, सहीवर किंमत ठरवितो. 19व्या शतकात नकला पुष्कळ झाल्या, तेव्हा ही सावधगिरी योग्यच. पण चेहरा कोणाचा, हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. ‘अज्ञात स्त्री’ एवढ्या चिठ्ठीवर तो विकला जातो. उलट, आपला टाक अभिषेकाने आणि राखेच्या घासण्याने झिजतो, नाक-डोळे पुसट होतात, तरी आजी त्याचे नाव सांगते. कला म्हणून पेतितो कितीतरी श्रेष्ठ. आठवण म्हणून टाक.

मात्र गावचे घर मिटले की टाकही सोनाराच्या मोडीत जातो. या दिवाळीत देव उजळायला काढाल, तेव्हा प्रत्येक टाकाचे नाव वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा. नाव गेले की घरचा पूर्वजही बाजारातली वस्तू होतो.