कादंबरीची मुभा, इतिहासाची शपथ

डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' (२००३) ही कादंबरी मी दोन रात्रींत वाचून संपवली आणि ती मला आवडली, हे आरंभीच कबूल करतो. आपल्या मंडळींत असे म्हणणे आजही थोडे धाडसाचेच ठरते. खून, सांकेतिक लिपी, पाठलाग, प्रकरणाच्या अखेरीस श्वास रोखायला लावणारे वळण, अशी रंजनाची सारी सामग्री तिच्यात आहे. लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ तावदाने आहेत, असे ही कादंबरी सांगते. संग्रहालयाच्या हिशेबाप्रमाणे ती ६७३ आहेत. पण नायकाच्या मागे पोलीस लागलेले असताना तावदाने मोजीत बसणारा वाचक अरसिकच म्हणायला हवा. कादंबरीकाराला एवढी मुभा असतेच.

मराठी वाचकाला ही मुभा नवी नाही. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीत भाऊसाहेबांच्या मनातली घालमेल वाचताना 'हे तुम्हांला कोणी सांगितले?' असे आपण विचारीत नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' (१९६१) हा ग्रंथ हाती घेतला की मात्र हाच प्रश्न पानोपानी विचारण्याचा आपला हक्क असतो, आणि इतिहासकार त्याला बांधलेला असतो. दोन्ही पुस्तके एकाच कपाटात सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाने आपली जात लपवलेली नाही.

मग ब्राऊन यांच्याविषयी माझी तक्रार कोणती? ती कादंबरीविषयी नाही. कादंबरी सुरू होण्यापूर्वीच्या एका पानाविषयी आहे. 'तथ्य' अशा अर्थाचा मथळा देऊन त्या पानावर लेखक ग्वाही देतो, की १०९९ साली स्थापन झालेली 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संस्था खरोखरीची आहे आणि पुस्तकातील कलाकृती, वास्तू व कागदपत्रे यांची वर्णने अचूक आहेत. पडदा उघडण्यापूर्वी सूत्रधाराने रंगमंचावर येऊन शपथ घ्यावी, तसा हा प्रकार झाला. शपथ घेताक्षणी लेखक साक्षीदार होतो आणि त्याची उलटतपासणी करणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

ही साक्ष टिकत नाही. ती संस्था प्येर प्लांतार नामक फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली नोंदवली होती. तिला प्राचीन वंशावळ मिळवून देणारे बनावट कागद त्याने व त्याच्या साथीदारांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचवले होते. कादंबरी निघण्यापूर्वीच हे उघडकीस आले होते. कादंबरीतील एक पात्र सांगते, की ३२५ सालच्या नायसिया परिषदेत येशूचे देवत्व निसटत्या मतांनी ठरले. पात्राने वाटेल ते बोलावे. मात्र त्या पहिल्या पानामुळे वाचक हे वाक्य इतिहास म्हणून घरी नेतो. वस्तुतः तेथील वाद पिता आणि पुत्र यांच्या नात्याविषयीच्या एरियसच्या मतावर होता, आणि निर्णयाला अखेरपर्यंत नकार देणारे बिशप अवघे दोन होते.

याहून मोठा दोष मी 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' (१९८२) या पुस्तकाकडे देतो. येशू आणि मरिया मग्दालिया यांचा विवाह व वंश यांची कल्पना त्याने संशोधन म्हणून मांडली, आणि आधारासाठी प्लांतारच्याच कागदांवर भिस्त ठेवली. त्याच्या तिघा लेखकांपैकी मायकेल बेजंट व रिचर्ड ली यांनी, ब्राऊन यांनी आपला मध्यवर्ती विषय उचलला, असा दावा लंडनच्या न्यायालयात केला. एप्रिल २००६ मध्ये तो फेटाळला गेला. यातील उपरोध मला विलक्षण वाटतो. जे इतिहास म्हणून मांडले, त्यावर खासगी मालकी कशी सांगावी? अन् मालकी सांगायचीच, तर ती आपली कल्पना होती, असेच कबूल करावे लागेल.

त्याच वर्षी मे महिन्यात चित्रपट आला. आपल्याकडे निदर्शने झाली, काही राज्यांनी बंदी घातली. सेन्सॉर मंडळाने कथानक काल्पनिक असल्याची सूचना पडद्यावर दाखवायला लावली. माझ्या मते ती सूचनाच पुरेशी होती. त्या 'तथ्या'च्या पानाला तेच नेमके उत्तर होते.

आता हेच माप स्वतःला लावू. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका, संतचरित्रे, घराण्यांच्या आठवणी मी आवडीने वाचतो. त्यांत पुष्कळदा 'असे सांगतात' हे दोन शब्द गळून पडतात आणि आख्यायिका इतिहासाच्या पंगतीला येऊन बसते. हेतू निर्मळ असतो, हे खरे. परंतु चाळीस वर्षांनी एखादा अभ्यासक हीच स्मरणिका पुरावा म्हणून उघडील, तेव्हा हेतू त्याला दिसणार नाही. छापील ओळ तेवढी दिसेल. ब्राऊन यांच्यावर रागावण्याचा अधिकार राखायचा असेल, तर संपादकांनी ते दोन शब्द जागच्या जागी ठेवावेत. आख्यायिकेची गोडी त्याने उणावत नाही.