आख्यान कोण कापतो?

लोककलेवर लिहिणारे आमचे प्रस्थापित समीक्षक गोंधळाकडे वळले की संबळ, तुणतुणे, दिवटी, कवड्यांची माळ यांची यादी करतात आणि तिथेच थांबतात. गोंधळी सांगतो काय, हे त्यांच्या लेखी गौण असते. परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा लोककला महोत्सवात मी एका संबळवादकाबरोबर दिवसभर होतो. ही दृष्टी व्यवहारात कशी उतरते ते तिथे दिसले.

सकाळी दहाला बोलावलेला हा कलावंत चार वाजेपर्यंत मंडपामागे बसून होता. वाट्याला वीस मिनिटे. चौक मांडा, देवीला आवाहन करा, दिवटी नाचवा. आख्यान मात्र नको, लोक उठून जातात, अशी संयोजकांची सूचना. तो मला म्हणाला, "सर, देवीला बोलवायचं आन् सांगायचं काहीच नाही, तर बोलवायचं कशाला?" गोंधळावरच्या लेखांत इतकी नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

पूर्वरंगात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराय यांना आवतण. उत्तररंगात रात्रभर आख्यान. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपण देवदेवता सोडल्या. तेव्हा पूर्वरंग आपल्या कामाचा नाही, हे आडपडदा न ठेवता सांगतो. पण उत्तररंगाचे काय?

परभणीचेच गोंधळी राजारामभाऊ कदम जांभूळ आख्यान सांगत. प्रचलित महाभारतात स्वयंवराच्या वेळी द्रौपदी कर्णाला सूत म्हणून नाकारते. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने हा प्रसंग मूळ पाठात घेतलेला नाही, ही गोष्ट वेगळी.) गोंधळ्याच्या आख्यानात तीच द्रौपदी कर्णावर मनातून भाळते. तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून तिला मनातले खरे पांडवांसमोर बोलावे लागते. पोथीने ज्याला जातीवरून हाकलले, त्याला भटक्या जमातीच्या कलावंताने राणीच्या मनात जागा दिली. हे आख्यान बंडखोर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बाईच्या मनाची झडती घेऊन ते मिटते, कर्णाचा अपमान करणाऱ्यांची झडती कोणी घेत नाही. पण हा वाद घालायला आख्यान ऐकू तर आले पाहिजे!

विठ्ठल उमप या आंबेडकरी शाहिराने ते मुंबईच्या रंगमंचावर नेले. पुरुषदेहाने ते द्रौपदी होत आणि तिची घालमेल प्रेक्षकांपुढे मांडत. बुद्ध-भीमगीते गाणाऱ्या या माणसाला गोंधळाच्या आख्यानाशी नाते जोडताना अडचण वाटली नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांचा अंत झाला. उमपांनी विधीच्या कवचातून गोष्ट बाहेर काढली. महोत्सववाले नेमके उलटे करतात: कवच ठेवतात, गोष्ट फेकतात. देवी कोणालाच अडचणीची नसते, सूतपुत्र असतो.

आमच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आता एवढे करावे. या जिल्ह्यातल्या गोंधळ्यांची आख्याने पूर्ण रात्र बसून ध्वनिमुद्रित करावीत, गावोगावचे पाठभेद शेजारी ठेवावेत, आणि ती छापताना वर 'पारंपरिक' असे न लिहिता सांगणाऱ्याचे नाव कर्ता म्हणून घालावे. मानधनही त्याच नावाने निघावे.