‘फरक दिसला नाही’ म्हणजे नेमकं काय? फ्लेमिंग यांचा पेपर वाचताना

कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कंपन्या काय करतात? माइंडफुलनेसचं सत्र, फोनवर एखादं वेलबीइंग ॲप, ताण कसा हाताळावा यावर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा. याचा उपयोग होतो का, या प्रश्नावर खूप चर्चा झालेला एक पेपर म्हणजे ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा, २०२४ साली ‘इंडस्ट्रियल रिलेशन्स जर्नल’मध्ये आलेला. अनेकांनी त्याचं सार एका वाक्यात काढलं: ‘हे सगळं निरुपयोगी आहे.’ पेपर महत्त्वाचा आहेच, पण तो असं म्हणत नाही. आणि तो जे म्हणतो, तेही जरा तपासून घ्यावं लागतं.

आधी त्यांनी काय केलं ते पाहू. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचा डेटा घेतला. अशा उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले, यांची तुलना केली. मानसिक स्वास्थ्याच्या वेगवेगळ्या मोजमापांवर भाग घेणारे काही अधिक बरे दिसले नाहीत. ताण-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासारख्या काही ठिकाणी तर आकडे उलट दिशेला झुकलेले होते. अपवाद एकच: स्वयंसेवी कामाची संधी. ती घेतलेले लोक थोडे बरे होते.

पेपरची ताकद कमी लेखू नका. छोट्या प्रयोगांत प्रशिक्षक उत्तम असतो, सहभागी उत्साही असतात आणि संशोधक जातीने लक्ष घालतो. रोजच्या ऑफिसात तसं नसतं. इथे खऱ्या कामाच्या ठिकाणी, खऱ्या दर्जाने पोहोचलेले उपक्रम एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेत. निकालाचा अर्थ लावायला ‘जॉब डिमांड्स–रिसोर्सेस’ सिद्धांत वापरलाय. साध्या भाषेत, कामाच्या मागण्या एका पारड्यात (डेडलाइन, अपुरी माणसं) आणि हाताशी असलेली साधनं दुसऱ्या पारड्यात (निर्णयाची मोकळीक, वरिष्ठांचा आधार). श्वासावर लक्ष द्यायला शिकवलं म्हणून डेडलाइन पुढे जात नाही. युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

आता खरी अडचण. डेटा क्रॉस-सेक्शनल आहे, म्हणजे एका वेळचा फोटो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांची रस्त्यावरच्या लोकांशी तुलना केली, तर डॉक्टरकडे जाणारे जास्त आजारी निघतील. त्यावरून ‘डॉक्टरमुळे आजार वाढतो’ असं कोणी म्हणणार नाही. ताण-व्यवस्थापनाच्या वर्गात आधीच ताणलेली माणसं जास्त आली असतील, तर ‘फरक नाही’ याचा अर्थ ‘ती बाकीच्यांच्या बरोबरीला आली’ असाही होऊ शकतो. फ्लेमिंग यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. पेपरमध्ये सिलेक्शन बायसची तपासणी आहे. पण एका फोटोतून ‘आधी’ आणि ‘नंतर’ किती काढता येणार, याला मर्यादा आहेच.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. आपण वाचक ही शंका सोयीने वापरतो. ज्याला ॲप आवडतं तो म्हणतो, ‘ताणलेले लोकच आले असतील.’ मग स्वयंसेवी कामाच्या चांगल्या निकालाचं काय? शनिवारी झाडं लावायला जाण्याइतकी उमेद आणि वेळ ज्याच्याकडे आहे, तो आधीपासूनच बरा असण्याची शक्यता नाही का? ज्या मापाने नकारात्मक निकाल तोलता, त्याच मापाने सकारात्मकही तोलायला हवा. नाहीतर ती टीका नाही, आवडनिवड झाली.

ही शंका नुसती तात्त्विक नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली सुरू झालेल्या अभ्यासात जोन्स, मोलिटर आणि रीफ यांनी ४,८३४ कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं रँडम पद्धतीने दोन गटांत वाटलं. कार्यक्रम एकूण आरोग्याचा होता, फक्त मानसिक आरोग्याचा नव्हे. पण धडा पद्धतीचा आहे. भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी नेहमीची तुलना केली, तर कार्यक्रम फायद्याचा दिसला. रँडम गटांची तुलना केल्यावर वैद्यकीय खर्चावर ठळक परिणाम दिसला नाही. कारण? भाग घेणाऱ्यांचा खर्च कार्यक्रमाच्या आधीपासूनच कमी होता. म्हणजे तिथे निवड एका दिशेने ओढत होती, ताणाच्या वर्गात ती उलट दिशेने ओढू शकते. दिशा गृहीत धरायची नसते, मोजायची असते.

दुसरी उडी निष्कर्षातली. ‘व्यक्तीला शिकवू नका, संस्था बदला’ हे मलाही पटतं. पण एक औषध चाललं नाही म्हणून दुसरं चालतं, हे सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो थोडाफार आहे. एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या आयटी विभागात फिलिस मोएन, एरिन केली आणि सहकाऱ्यांनी व्यक्तींऐवजी अख्ख्या टीम्स रँडम पद्धतीने निवडल्या. वेळेवर अधिक ताबा आणि मॅनेजरचा आधार मिळालेल्या टीम्समध्ये बर्नआउट कमी झालं, समाधान वाढलं. संस्थात्मक बदलाबद्दल बोलताना हा अभ्यास सांगा, फ्लेमिंगवर ते ओझं टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही संस्थात्मक उपाय आणि मॅनेजरचं प्रशिक्षण आहे, आणि व्यक्तीसाठीचे उपायसुद्धा आहेत.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? कार्यशाळेनंतर एकदा प्रश्नावली वाटून प्रबंध उभा करू नका. आधीचं मोजमाप घ्या. सगळ्यांना एकदम प्रशिक्षण देणं कंपनीला जमत नसेल, तर ती अडचण नाही, संधी आहे: पहिली तुकडी कोणती हे चिठ्ठीने ठरवा, उशिरा येणारी तुकडी आपोआप कंट्रोल ग्रुप होते. ‘भाग घेतला’ म्हणजे ॲप एकदा उघडलं की आठ आठवडे वापरलं, तेही विचारा. आणि न आलेल्यांना का आला नाहीत हे विचारायला विसरू नका.

हा काथ्याकूट फक्त व्हायवापुरता नाही. ‘निरुपयोगी’ हा शब्द घाईने वापरला, तर एखाद्या ऑफिसातलं समुपदेशन बंद होतं आणि ज्याला खरंच गरज होती त्याचा आधार जातो. ‘उपयोगी’ हा शब्द घाईने वापरला, तर एचआर ॲप विकत घेतं आणि तीन माणसांचं काम एकाच्याच टेबलावर राहतं. दोन्हीकडे किंमत आपण नाही, तो कर्मचारी मोजतो.